कुटुंबासाठी हलका ट्रॅव्हल ट्रेलर: गाडीला झेपेल असा कसा निवडायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीमागे जोडून न्यायच्या, आत राहायची सोय असलेल्या ट्रेलरबद्दल मुंबईतून दोन प्रकारची कुटुंबं विचारतात. काहींना इथेच, स्वतःच्या एसयूव्हीमागे छोटी कॅरॅव्हॅन लावून डहाणूला किंवा नाशिककडे जायचं असतं. काहींचा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत नाहीतर युरोपात असते. आई-बाबा उन्हाळ्यात तिकडे जाणार आणि नातवंडांसह सगळे मिळून ट्रेलरने फिरणार, असा बेत असतो. दोघांचं वजनाचं गणित एकच, कागदपत्रं मात्र वेगळी. म्हणून उत्तरं एकत्र दिली आहेत आणि कुठला नियम कोणत्या देशाचा, ते त्या-त्या जागी सांगितलं आहे.

आम्हाला एक ट्रेलर फार आवडलाय. आमची गाडी तो ओढेल का?

आधी गाडीचे आकडे काढा, ट्रेलर नंतर बघा. शोरूममध्ये बिछाने, खिडक्या, छोटंसं स्वयंपाकघर पाहून मुलं एकदा हरखली, की मग आकडे कुणालाच ऐकायचे नसतात.

गाडीच्या बाजूने चार मर्यादा असतात. एक, ट्रेलरचं जास्तीत जास्त वजन. दोन, गाडीत माणसं आणि सामान मिळून किती भार चालतो तो, म्हणजे पेलोड. तीन, हिचवर, म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर जोडायच्या कडीवर, वरून किती वजन पडलेलं चालतं. चार, गाडी आणि ट्रेलर मिळून एकूण वजन. जाहिरातीत फक्त पहिला आकडा असतो. पण चारांपैकी जो सगळ्यात आधी संपतो, तोच तुमचा खरा आकडा. दोघंच फिरणार असतील तर कदाचित पहिला संपेल. मुलं, आजी-आजोबा आणि डिकीभर सामान असलेल्या घरात जवळजवळ नेहमी पेलोड आधी संपतो.

हे आकडे सापडतात कुठे?

अमेरिकेत ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर टायरच्या हवेचा स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून अमुक किलो किंवा पौंडांपेक्षा जास्त नको, असं त्यावर लिहिलेलं असतं. तो आकडा त्या विशिष्ट गाडीचा असतो. त्याच मॉडेलची सनरूफ आणि मोठी चाकं असलेली महाग आवृत्ती घेतली तर आकडा कमी झालेला दिसेल, कारण ते सगळं वजन पेलोडमधूनच वजा होतं. ट्रेलर ओढण्याचा आकडा मॅन्युअलमध्ये मिळतो. युरोपात गाडीच्या प्लेटवर गाडीचं कमाल वजन आणि त्याखाली गाडी अधिक ट्रेलरचं कमाल वजन दिलेलं असतं.

आपल्याकडे आरसीवर गाडीचं रिकामं वजन असतं. कमाल एकूण वजन चेसिसच्या प्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये बघावं लागतं. दोन्हींतली वजाबाकी म्हणजे पेलोड. ओढण्याचा आकडा मात्र भारतातल्या बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये नसतोच, आणि काहींमध्ये ट्रेलर लावू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. अशा वेळी कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर मागवा. शोरूममधल्या मुलाने 'सर, आरामात ओढेल' म्हटलं, यावर मुलांना गाडीत बसवू नका.

याच एसयूव्हीच्या परदेशी मॉडेलला दोन टनांपेक्षा जास्त आकडा आहे. तोच इथे धरला तर?

धरू नका. नाव एक असलं तरी इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, गिअरबॉक्सचा ऑइल कूलर, मागचं सस्पेन्शन आणि हिच बसवायच्या जागेची मजबुती यांत फरक असू शकतो. ओढण्याचा आकडा या सगळ्यांचा मिळून असतो. नुसत्या इंजिनाच्या ताकदीवर तो ठरत नाही. थांबवण्याची आणि थंड राहण्याची क्षमताही त्यात धरलेली असते.

मुलीच्या गाडीची क्षमता ५,००० पौंड आहे आणि भरलेला ट्रेलर ४,२०० पौंड. मग अडचण काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सावकाश बघू. समजा, मधल्या आकाराची तीन रांगांची एसयूव्ही आहे. टोयोटा हायलँडरसारख्या गाडीला पेट्रोल इंजिनात ५,००० पौंडांची क्षमता मिळते. तिच्याच हायब्रिडला ३,५०० पौंड. आपल्या उदाहरणातली गाडी पेट्रोलची आहे आणि दारावरच्या स्टिकरवर १,४०० पौंड लिहिलंय असं धरू.

आता माणसं बसवा. जावई १७५, मुलगी १४०, दोन मुलं मिळून १०५, आजोबा १५०, आजी १३०. झाले ७०० पौंड. डिकीत स्ट्रोलर, आइसबॉक्स, कपड्यांच्या बॅगा, लाडूंचा डबा, धरा १५० पौंड. हिचचं लोखंड ५० पौंड. बेरीज ९००. पेलोडमधले उरले ५००.

हे ५०० कशासाठी? ट्रेलर गाडीच्या मागून नुसता घरंगळत येत नाही. त्याच्या वजनाचा एक भाग हिचवर, म्हणजे गाडीच्या पाठीवर बसतो. अमेरिकी पद्धतीच्या ट्रेलरमध्ये हा भाग भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवतात. १३ टक्के धरला तर ५०० पौंडांत सुमारे ३,८५० पौंडांचा ट्रेलर बसतो. १५ टक्के धरला तर ३,३०० च्या आसपास. ४,२०० पौंडांचा ट्रेलर १३ टक्क्यांनी ५४६ पौंड टाकतो. म्हणजे गाडी ओव्हरलोड झाली, तीही ओढण्याच्या मर्यादेच्या खूप आत असताना.

दुसरी बाजूही बघा. अमेरिकेत बहुतेक कंपन्या एसएई जे२८०७ या मानकाप्रमाणे ओढण्याचा आकडा ठरवतात. त्यात अशा गाडीत चालक आणि एक प्रवासी, प्रत्येकी १५० पौंड, एवढेच धरलेले असतात. म्हणजे ३०० पौंड. आपल्या गाडीत माणसं आणि सामान मिळून ८५० आहेत, ५५० जास्त. गाडी आणि ट्रेलरची एकत्र मर्यादा तीच राहते, त्यामुळे ५,००० चे ४,४५० झाले. दोन्ही हिशेबांत जो लहान तो घ्यायचा: ३,८५०. त्यातही मी थोडी जागा सोडेन आणि भरलेला ३,५०० पौंडांच्या आत राहील असाच ट्रेलर शोधायला सांगेन. आजी-आजोबा आले नसते तर २८० पौंड सुटले असते आणि मोठा ट्रेलर चालला असता. पण सहल मुळात त्यांच्यासाठीच आहे, तेव्हा ट्रेलर लहान करा.

पौंडांचे किलो करायला २.२ ने भागा.

ब्रोशरमधल्या 'ड्राय वेट'वर विश्वास ठेवावा का?

तुलनेपुरता. ड्राय वेट म्हणजे कारखान्यातून निघालेला रिकामा ट्रेलर. त्यात पाणी नसतं, भांडी-अंथरुणं नसतात, बऱ्याचदा बॅटरी, गॅस आणि वरून घेतलेला एसीसुद्धा नसतो. त्या वजनाचा ट्रेलर रस्त्यावर कधीच धावत नाही.

दोन आकडे मागा. ट्रेलरचं कमाल भरलेलं वजन, आणि त्या विशिष्ट ट्रेलरमध्ये सामानाला किती मुभा आहे तो आकडा. अमेरिकेत सामानाच्या मुभेचं लेबल ट्रेलरवर लावणं बंधनकारक आहे आणि पाण्याची टाकी पूर्ण भरली तर त्यातलं किती वजन जाईल तेही त्यावर लिहिलेलं असतं. काही सुंदर, हलके दिसणारे ट्रेलर इथेच नापास होतात: रिकामं वजन कमी, पण सामानाला मुभा जेमतेम २०० किलो. चार जणांच्या कुटुंबाला ती पुरत नाही. गाडीशी जुळवताना कमाल भरलेलं वजनच धरा, म्हणजे पुढे कुणी एक पिशवी वाढवली तरी तुम्ही मर्यादेत राहाल.

सामानाचं वजन एवढं कुठून येतं?

पाण्यापासून सुरू करा, कारण ते मोजायला सोपं आणि विसरायलाही सोपं. एक लिटर म्हणजे एक किलो. १०० लिटरची टाकी भरून निघालात तर दीड माणूस जास्त घेतलात. शिवाय वापरलेलं पाणी कुठे नाहीसं होत नाही; ते खालच्या टाकीत जाऊन बसतं. जिथे मुक्कामाला नळ आहे तिथे टाकी पावच भरा.

गॅसचं तसंच. अमेरिकेतल्या नेहमीच्या सिलिंडरमध्ये २० पौंड गॅस असतो आणि लोखंड वेगळं. पुढे दोन लावलेले असतील तर ३० किलोंच्या वर गेले, आणि ते नेमके हिचजवळ असतात. आपल्याकडचा घरगुती १४.२ किलोंचा सिलिंडर लोखंडासह ३० किलोंच्या आसपास जातो. तो ट्रेलरमध्ये नकोच. ५ किलोंचा घ्या आणि तोही बाहेरून हवा खेळणाऱ्या, खाली जाळी असलेल्या कप्प्यात. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला तर जमिनीलगत साचतो.

बॅटरीत पैसे घालणं मला पटतं. १०० अँपिअर-अवरची साधी लेड-ॲसिड बॅटरी २५ ते ३० किलोंची असते, तेवढ्याच क्षमतेची लिथियम साधारण १२ किलोंची. छपरावरचा एसी ३५-४० किलो, आणि तो नेमका सगळ्यात उंच जागी.

बाकी आपल्या घरातून काय निघतं ते तुम्हाला माहीत आहेच. कुकर, कढई, तांदूळ-डाळींच्या पिशव्या, पोळपाट, पाण्याचे कॅन, सतरंज्या, आणि 'असू दे, लागेल' म्हणून घेतलेलं सगळं. विमानाच्या बॅगा मोजायचा हातकाटा घरी असेलच. त्याने एकदा सगळं मोजा आणि दाराच्या आत यादी चिकटवा.

हिचवरचं वजन कमी ठेवलं तर गाडीवर भार कमी. मग तसंच का करू नये?

कारण मग ट्रेलर डोलू लागतो. वजन ॲक्सलच्या, म्हणजे चाकं जोडणाऱ्या आसाच्या, मागे गेलं की मागचं टोक शेपटीसारखं हलायला लागतं, आणि वेग वाढला की ते हलणं गाडीलाही ओढत नेतं. पेलोड वाचवण्यासाठी सायकली किंवा पाण्याचे कॅन ट्रेलरच्या मागच्या टोकाला बांधणं हा सगळ्यात धोकादायक उपाय आहे. जड वस्तू ॲक्सलच्या वर किंवा जरा पुढे, जमिनीलगत. हलक्या वस्तू वरच्या कप्प्यांत.

युरोपातले ट्रेलर वेगळ्या घडणीचे असतात आणि तिकडे ५ ते ७ टक्के पुरतात; गाड्यांची हिचवरची मर्यादाही बऱ्याचदा ७५ ते १०० किलोंचीच असते. म्हणून अमेरिकी ट्रेलरला युरोपी टक्केवारी लावू नका. ट्रेलर ज्या पद्धतीचा, टक्केवारीही तिकडचीच.

सगळं भरल्यावर खरं वजन कसं कळणार?

वजनकाट्यावर. कळंबोलीच्या लोखंड बाजाराच्या भागात, भिवंडीच्या गोदामांकडे ट्रकचे वजनकाटे आहेत. सकाळी लवकर जा, ट्रकांची रांग नसते. तीन वजनं घ्या, सगळी माणसं गाडीत बसवून.

पहिलं, ट्रेलर सोडून फक्त गाडी. दुसरं, ट्रेलर जोडलेला, पण काट्यावर फक्त गाडीची चाकं. तिसरं, दोन्ही पूर्ण काट्यावर. समजा आकडे आले २,३१०, २,४०० आणि ३,२९० किलो. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की हिचवरचं वजन, ९० किलो. तिसऱ्यातून पहिलं वजा केलं की ट्रेलरचं पूर्ण वजन, ९८० किलो. ९० म्हणजे ९८० चे साधारण ९ टक्के; अमेरिकी पद्धतीच्या ट्रेलरला थोडं कमी. पाण्याचे कॅन पुढे सरकवा आणि पुन्हा मोजा. आणि दुसरा आकडा, २,४००, गाडीच्या कमाल एकूण वजनाच्या आत आहे का ते बघायला विसरू नका.

ट्रकचे काटे पाच-दहा किलोंच्या टप्प्याने वजन दाखवतात, त्यामुळे हिचवरचं वजन घरीही तपासलेलं बरं. सपाट जागी ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावा, बाथरूमचा वजनकाटा कपलरखाली, म्हणजे ट्रेलरचं जे टोक गाडीला जोडतात त्याखाली, ठेवा आणि मध्ये एवढ्या उंचीचा लाकडी ठोकळा घाला की ट्रेलर गाडीला जोडल्यावर असतो तसाच सरळ राहील. जॅक हळूहळू वर घेतला की भार काट्यावर येतो.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच का?

कुटुंबासाठी घेत असाल तर हो, वजन कितीही असो. युरोपात ७५० किलोंच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. अमेरिकेत राज्याप्रमाणे फरक पडतो: कॅलिफोर्नियात १,५०० पौंडांपासून, बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांपासून. अमेरिकी ट्रेलरचे ब्रेक विजेवर चालतात आणि ते लावणारा कंट्रोलर गाडीत बसवावा लागतो. तो नसेल तर ट्रेलरला ब्रेक असून नसल्यासारखे. युरोपी ट्रेलर गाडी हळू झाली की पुढे सरकतो आणि त्या दाबानेच त्याचे ब्रेक लागतात, वेगळा कंट्रोलर लागत नाही.

कोणता प्रकार घ्यावा?

चार-साडेचार जणांच्या कुटुंबाला माझा कौल १६-१७ फुटांच्या फायबरग्लास ट्रेलरला. अंड्याच्या आकाराच्या या ट्रेलरची परंपरा कॅनडातल्या विनिपेगमध्ये १९६८ साली सुरू झालेल्या 'बोलर'पासूनची. आज अमेरिकेत स्कॅम्प आणि कसीटा हे त्यातले नावाजलेले. वरचा आणि खालचा असे दोन भाग जोडून कवच बनतं, त्यामुळे सांधे कमी आणि पाणी झिरपायच्या जागाही कमी. गोलाईमुळे वारा कमी अडतो. आतली जागा मात्र खरंच लहान असते. पावसात दिवसभर आत बसायची वेळ आली तर सगळ्यांची परीक्षा होते.

कापडी बाजूंचा पॉप-अप, म्हणजे मुक्कामाला उघडून उंच करायचा ट्रेलर, सगळ्यात हलका आणि बसका. सोसायटीच्या पार्किंगलाही सोपा. पण ओलं कापड घडी करून ठेवलं की बुरशी धरते, आणि आपला पावसाळा चार महिन्यांचा. कोरड्या दिवसांतच फिरणार असाल तरच घ्या. त्रिकोणी, कडक भिंतींचा घडीचा ट्रेलर हा मधला मार्ग; दोन मोठ्यांना आणि एका लहानाला उत्तम. टियरड्रॉप, म्हणजे थेंबाच्या आकाराचा छोटा ट्रेलर, दोघांसाठी; कुटुंबाचा विचार असेल तर सोडून द्या.

स्लाइड-आउट, म्हणजे मुक्कामाला बाहेर सरकणारी भिंत, मोहात पाडते. पण तिची यंत्रणा जड असते आणि वजन एका बाजूला टाकते. हलका ट्रेलर हवा असेल तर ती यादीतून काढा.

ब्रोशर म्हणतं सहा जण झोपतील. आम्ही सहाच आहोत.

सहापैकी दोघं जेवणाचं टेबल खाली करून त्यावर झोपणार असतात. म्हणजे रोज रात्री जेवण आटोपून सगळं आवरायचं आणि सकाळी चहाआधी पुन्हा मांडायचं. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांचा पलंग कायमचा, जमिनीपासून चढायला सोपा आणि बाथरूमजवळ असू द्या. मुलं बंकवर आनंदाने झोपतात. उरलेल्या दोघांसाठी बाहेर चांगला तंबू लावा. तंबू सात-आठ किलोंचा, आणि त्याच्यामुळे ट्रेलर दोन-तीन फुटांनी लहान घेता येतो. वजनाच्या हिशेबात याहून चांगला सौदा मला दिसलेला नाही.

एक गोष्ट जागेवर करून बघा: आजोबांना खरोखर आत नेऊन बाथरूममध्ये बसवा, दार लावून बघा. गुडघे अडत असतील तर तो ट्रेलर तुमच्यासाठी नाही.

चालत्या ट्रेलरमध्ये मुलं झोपली तर चालेल?

नाही. कधीच नाही, सोसायटीच्या गेटपासून रस्त्यापर्यंतसुद्धा नाही. तिथे सीटबेल्ट नसतात आणि धक्का बसला तर आतलं सामान अंगावर येतं.

घाटात काय काळजी घ्यायची?

चढ इंजिनाचा कस बघतो, उतार ब्रेकचा, आणि भीती उताराचीच जास्त हवी. बोरघाट किंवा कसारा उतरताना वरच्या टोकालाच गिअर खाली घ्या, वेग इंजिनाने धरून ठेवा आणि ब्रेक सलग दाबून न ठेवता मधूनमधून ठामपणे लावा. ब्रेकचा जळका वास आला की सुरक्षित, रुंद जागा बघून थांबा आणि ते आपोआप थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका.

उंचीचाही परिणाम होतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण १० टक्क्यांनी कमी होते. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने तिकडे जाताना अरुंद वळणं आणि उंची दोन्ही एकदम भेटतात. ट्रेलर घेऊन मी तो रस्ता कुणालाच सुचवणार नाही.

पहिली सफर अहमदाबाद महामार्गाने केळवे-डहाणूच्या बाजूला करा. रस्ता सपाट, अंतर बेताचं. कोकणात उतरायचं असेल तर मुक्कामाच्या मालकांना आधी फोन करून वाडीच्या रस्त्याची रुंदी विचारा. चिऱ्याच्या गडग्यांमधून गाडी जाते, ट्रेलर वळतोच असं नाही. आणि समुद्राच्या वाळूवर ट्रेलर नेऊ नका.

ट्रेलर डोलायला लागला तर?

स्टिअरिंग सरळ धरा आणि ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढा. गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका, वेग वाढवून सरळ करायला जाऊ नका, डोलण्याच्या उलट स्टिअरिंग फिरवू नका. विजेचे ब्रेक असतील तर कंट्रोलरवरचं हाताचं बटण दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. मग थांबून वजन आणि टायरची हवा तपासा. मोठा ट्रक किंवा एसटी बाजूने गेल्यावर क्षणभर हलणं वेगळं. ते स्वतःहून शांत होतं.

वेग कमी ठेवणं हाच खरा उपाय. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे. आपल्या रस्त्यांवर मी ताशी ७० किलोमीटरच्या वर जाऊ नका असं सांगेन.

मुंबईत आरटीओ, पासिंग आणि विम्याचं काय?

मोटर वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत ट्रेलरही मोटार वाहनच आहे. म्हणून त्याची स्वतंत्र नोंदणी लागते, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरवर लावावा लागतो. गॅरेजमध्ये हौसेने बनवून घेतलेला ट्रेलर नोंदणीला अडतो; मान्यताप्राप्त मॉडेल आहे का आणि चाचणीचं प्रमाणपत्र कुणाचं आहे, हे बनवणाऱ्याला पैसे देण्याआधी विचारा. त्या कागदांच्या प्रती घेऊन ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली, तुमचं जे आरटीओ असेल तिथे आधीच चौकशी करा.

गाडीला हिच बसवणं हा बदलच आहे. कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, त्यामुळे कंपनीने मान्य केलेला हिच आणि त्याचं बिल जपून ठेवा. विमा कंपनीला ट्रेलरबद्दल लेखी कळवून पॉलिसीत नोंद करून घ्या. वॉरंटीबद्दलही लेखीच विचारा.

परदेशातून जुना ट्रेलर आणला तर?

अमेरिकी ट्रेलरचं दार उजव्या बाजूला असतं, कारण तिकडे पदपथ उजवीकडे. आपल्याकडे ते थेट रहदारीत उघडतं. मुलं त्याच दारातून उड्या मारत उतरणार. शिवाय आतली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. ब्रिटिश कॅरॅव्हॅनचं दार डावीकडे आणि वीज आपल्यासारखीच. तरी आयात आणि नोंदणी या दोन्हींचं उत्तर हातात आल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

ठेवायचा कुठे? आमच्या सोसायटीत दोन गाड्यांनाही जागा नाही.

स्टॅक पार्किंगमध्ये तो जात नाही, बेसमेंटच्या उंचीत बऱ्याचदा बसत नाही, आणि मोकळ्या जागेत ठेवायचा तर सोसायटीची लेखी परवानगी लागते. तोंडी 'ठेवा हो' पुढच्या कमिटीत टिकत नाही. बहुतेकांसाठी व्यवहार्य मार्ग म्हणजे पनवेल, कर्जत, पेणच्या बाजूला नातेवाइकांचं अंगण किंवा भाड्याची शेड. तिथून ट्रेलर उचलला की मुंबईच्या गर्दीत तो ओढावाही लागत नाही.

पावसाळ्यात तो छपराखालीच हवा. एका बाजूला किंचित उतार द्या म्हणजे छतावर पाणी साचणार नाही, प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, गाद्या उभ्या करा, आणि आठवड्यातून एकदा कुणाला तरी दारं-खिडक्या उघडायला सांगा. किनाऱ्यावरून आलात की चेसिस आणि ॲक्सल गोड्या पाण्याने धुवा. खाऱ्या हवेचा गंज आधी खालून लागतो, जिथे कुणी वाकून बघत नाही.

विकत घ्यावा की भाड्याने?

आधी भाड्याने, अगदी नक्की. अमेरिकेत गेलात तर लक्षात ठेवा, नेहमीच्या भाड्याच्या गाडीने ट्रेलर ओढायला बहुतेक कंपन्या मनाई करतात. पण काही ट्रेलरमालक स्वतः ट्रेलर कॅम्पग्राउंडवर आणून, जोडून देतात. आई-बाबांना घेऊन पहिल्यांदा जाणाऱ्यांना हा पर्याय मी आवर्जून सुचवतो: ओढायचं काहीच नाही, आणि ट्रेलरमध्ये राहणं झेपतं का ते कळतं.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. इथे भाड्याने घेताना बस किंवा व्हॅनवर बांधलेली, स्वतःच्या इंजिनाने चालणारी कॅरॅव्हॅन, चालकासह मिळते का ते विचारा. वर्षातून एकदाच जाणार असाल तर तीच बरी.

सेकंड हँड घेताना काय बघायचं?

ओल. कोपऱ्यांत, खिडक्यांखाली आणि बाथरूमभोवती जमीन अंगठ्याने आणि पायाने दाबून बघा. मऊ लागली तर परत फिरा. भिंतीला फुगवटे असतील तरी तेच. आत शिरताच कुबट वास आला आणि मालकाने उदबत्ती लावून ठेवली असेल तर आणखी बारकाईने बघा.

मग टायर. बाजूला 'डीओटी' या खुणेनंतरचे शेवटचे चार आकडे बघा. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांहून जुने टायर, नक्षी कितीही चांगली दिसली, तरी बदलायचे हे धरूनच भाव करा. ट्रेलर नुसता उभा राहूनही टायर म्हातारे होतात.

चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. खरखर ऐकू आली तर बेअरिंग गेलं. शेवटी ट्रेलरची प्लेट वाचा आणि विकणाऱ्याने सांगितलेलं वजन तिच्याशी ताडून बघा.

इलेक्ट्रिक गाडीने ओढता येईल का?

कंपनीने आकडा दिला असेल तरच. ओढण्याची ताकद भरपूर असते, पण एका चार्जमध्ये जाणारं अंतर निम्म्यापर्यंत उतरू शकतं, आणि चार्जिंगच्या जागी बऱ्याचदा ट्रेलर सोडूनच आत जावं लागतं.

रिव्हर्स घ्यायला जमतच नाही. काही युक्ती?

हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला, सहाच्या काट्यावर ठेवा. ट्रेलरचं मागचं टोक जिकडे न्यायचं तिकडे हात सरकवा, अगदी थोडा. आरशात ट्रेलर जास्त दिसू लागला की थांबा आणि पुढे घेऊन सरळ करा. वाकड्यातून आणखी मागे रेटलं तर ट्रेलर कात्रीसारखा मिटून गाडीच्या कोपऱ्यावर आदळतो. घरातलं एक माणूस मागे, तुम्हाला आरशात दिसेल अशा जागी उभं राहू दे, आणि खुणा निघण्याआधीच ठरवा. 'येऊ दे, येऊ दे' ओरडणारे चार जण असतील तर तिघांना चहा प्यायला पाठवा. रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या मोकळ्या जागेत, मालकाला विचारून, पाण्याच्या बाटल्यांच्या दोन रांगा लावा आणि त्यांच्यामधून ट्रेलर मागे नेत राहा. घरातल्या गाडी चालवणाऱ्या दोघांनीही शिकून घ्या.